औषधकल्पांतील सहायक द्रव्ये

औषधकल्पांतील सहायक द्रव्ये : रोगावर प्रत्यक्ष परिणाम करणारे द्रव्य ज्या तयार स्वरूपात रुग्णाला दिले जाते त्या स्वरूपास औषधकल्प म्हणतात. गोळी, कॅप्सूल, पाक, मलम, अंतःक्षेपण ही औषधकल्पांची नेहमीची उदाहरणे होत. क्रियाशील द्रव्याखेरीज कल्पामध्ये जी अन्य द्रव्ये मिसळलेली असतात त्यांना सहायक द्रव्ये किंवा एक्सिपिएंट अशी संज्ञा आहे. ही संज्ञा ‘स्वीकारणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेली असून औषधाला आपल्यात सामावून घेणारे ते सहायक द्रव्य, असा तिचा मूळ भाव आहे. कल्पात त्यांचे प्रमाण बहुधा औषधापेक्षा अधिक असते. अवटू ग्रंथीच्या विकारात दिल्या जाणाऱ्या थायरॉक्सिनाच्या गोळीत क्रियाशील द्रव्य ५० किंवा १०० मायक्रोग्रॅम असते व गोळीचे वजन त्याच्या सुमारे हजारपट भरते. रुग्ण जे गिळतो ते बहुतांशी सहायक द्रव्यच असते.

जुन्या पाठ्यपुस्तकांत सहायक द्रव्याची व्याख्या ‘शरीरावर कोणताही परिणाम न करणारे निष्क्रिय द्रव्य’ अशी दिलेली आढळते. ही व्याख्या सोयीची असली, तरी विसाव्या शतकातील अनुभवाने ती टिकू दिलेली नाही. औषध रक्तात किती पोहोचेल, केव्हा पोहोचेल आणि पोहोचेल की नाही, हे सहायक द्रव्यांवर अवलंबून असते. त्यांच्या शुद्धतेकडे दुर्लक्ष झाले, तर औषधाच्या बाटलीतून मृत्यूही दिला जातो. या विषयाचा इतिहास या दोन्ही गोष्टींचा इतिहास आहे.

प्राचीन कल्पना : आयुर्वेदात औषध कशात मिसळावे व कशाबरोबर घ्यावे याचा सूक्ष्म विचार झालेला आहे. औषधाबरोबर घ्यावयाच्या मध, तूप, दूध, कोमट पाणी इ. द्रव्यांना अनुपान म्हणत. मधाला ‘योगवाही’, म्हणजे ज्याच्याशी संयोग होईल त्याचे गुण वाहून नेणारा, असे म्हटले आहे. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यखंडात स्वरस, क्वाथ, चूर्ण, अवलेह, गुटिका इ. कल्पांच्या कृती क्रमवार दिल्या आहेत. त्यांत गूळ, साखर, गुग्गुळ व मध गुटिका बांधण्यासाठी वापरलेले दिसतात. आसवे व अरिष्टे यांमध्ये धायटीची फुले घालून किण्वन घडवीत. त्यातून निर्माण होणारे अल्कोहॉल वनस्पतींतील घटक विरघळविण्याचे व कल्प टिकविण्याचे अशी दोन्ही कामे करी. या विचाराला आजच्या जैव उपलब्धतेच्या कल्पनेचे पूर्वरूप म्हणण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो टाळावा हे बरे. मापनाचे साधन नसताना निरीक्षणाने जेवढे कळणे शक्य होते तेवढे येथे कळलेले होते, आणि तेही कमी नाही.

यंत्रनिर्मित कल्प : एकोणिसाव्या शतकापर्यंत यूरोपातही औषधविक्रेता स्वतःच्या हाताने खलात गोळ्या वळीत असे. १८३४ मध्ये मोथेस या फ्रेंच औषधनिर्मात्याने जिलेटिनाची कॅप्सूल प्रचारात आणली. विल्यम ब्रॉकडन (१७८७–१८५४) हा इंग्रज चित्रकार होता. रेखाटनासाठी ग्रॅफाइटाची भुकटी दाबून शुद्ध कांड्या कशा करता येतील याच्या खटपटीतून त्याने साच्यात दाबून गोळ्या तयार करण्याची युक्ती शोधली व १८४३ मध्ये तिचे एकस्व घेतले. आजच्या गोळीचा उगम असा चित्रकाराच्या पेन्सिलीत आहे. १८८४ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी केराटिनाचे आवरण दिलेल्या गोळ्या वापरात आणल्या. जठरातील अम्लात न विरघळता पुढे आतड्यात उघडणारी गोळी हा त्यांचा हेतू होता.

यंत्रावर गोळी दाबावयाची झाल्यास नुसते औषध सहसा पुरत नाही. ते मात्रेने फार थोडे असते, किंवा त्याचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, किंवा ते साच्याला चिकटून बसते. म्हणून आकारमान वाढविण्यासाठी दुग्धशर्करा, कण बांधण्यासाठी स्टार्चाची खळ वा सेल्युलोजाचे अनुजात, पाण्यात पडताच गोळी फुटावी म्हणून कोरडा स्टार्च आणि यंत्राला वंगण म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट अशी योजना करावी लागते. या शेवटच्या द्रव्याचे उदाहरण बोधप्रद आहे. ते शेकडा एक किंवा त्याहूनही कमी घातले जाते, परंतु ते मेणासारखे जलविरोधी असते. मिश्रण ठरल्यापेक्षा जास्त वेळ घुसळले गेले, तर औषधाच्या प्रत्येक कणावर त्याचा पातळ थर बसतो व गोळी पाण्यात पडून राहिली, तरी लवकर विरघळत नाही. घटक तेच, प्रमाण तेच, पण घुसळण्याची काही मिनिटे वाढली की औषध बदलते. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे लवकर समजते. केवळ सूत्र वाचणाऱ्याला ते पटण्यास वेळ लागतो.

विद्रावकाची निवड : १९३७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातील एका कंपनीने सल्फॅनिलामाइड हे त्या वेळचे नवे औषध लहान मुलांना घेता यावे म्हणून द्रवरूपात आणण्याचे ठरविले. ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने कंपनीच्या रसायनज्ञाने डायएथिलीन ग्लायकॉल हे विद्रावक निवडले, त्याला रासबेरीचा स्वाद दिला आणि विषारीपणाची कोणतीही चाचणी न करता माल बाजारात पाठविला. हे द्रव्य गोडसर, दाट, रंगहीन व स्वस्त असते. शरीरात त्याचे ऑक्सिडीभवन होऊन बनणारी द्रव्ये, विशेषतः डायग्लायकॉलिक अम्ल, मूत्रपिंडातील नलिकांच्या कोशिकांचा नाश करतात. लघवी बंद होणे हे पहिले ठळक लक्षण असून त्यानंतर काही दिवसांत मृत्यू ओढवतो. त्या वर्षी शंभराहून अधिक रुग्ण दगावले व त्यांत अनेक मुले होती. औषधाची सुरक्षितता तपासणे तेथील कायद्याने बंधनकारक नव्हते. त्यामुळे कंपनीवर चुकीच्या नामपत्राचाच आरोप ठेवता आला : ‘एलिक्झिर’ या नावात अल्कोहॉल अभिप्रेत असते आणि या कल्पात ते नव्हते. पुढील वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेत नवा कायदा झाला.

भारतात रामनाथ चोप्रा (१८८२–१९७३) यांच्या अध्यक्षतेखाली १९३० मध्ये नेमलेल्या समितीने बाजारातील भेसळयुक्त व निकस औषधांचा प्रश्न मांडला होता. औषध अधिनियम १९४० मध्ये संमत झाला व भारतीय औषधिकोशाची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली.

निष्क्रियतेच्या कल्पनेला धक्का : १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ब्रिझ्बेन येथे अपस्माराच्या अनेक रुग्णांत फेनिटॉइनाच्या विषबाधेची लक्षणे दिसू लागली. मात्रा बदललेली नव्हती. चौकशीअंती असे आढळले की, उत्पादकाने कॅप्सुलीतील कॅल्शियम सल्फेट काढून त्याजागी दुग्धशर्करा घातली होती. पूर्वीच्या कल्पातून औषधाचा काही भाग शोषलाच जात नव्हता व डॉक्टरांनी नकळत त्या हिशेबाने मात्रा ठरविल्या होत्या. शोषण वाढताच तीच मात्रा जास्त झाली. येथे दुग्धशर्करा विषारी नव्हती आणि कॅल्शियम सल्फेटही नव्हते. दोन्ही ‘निष्क्रिय’च होती.

क्षयरोगाच्या औषधांत याच्या उलट घडले. रिफाम्पिसीन प्रचारात आले तेव्हा ते पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अम्लाबरोबर दिल्यास रक्तात कमी उतरते असे दिसून आले व ही दोन औषधे एकमेकांना मारक आहेत असा समज झाला. स्वीडनमधील संशोधकांनी १९७५ मध्ये दाखविले की, दोष त्या अम्लाचा नसून त्याच्या कणीदार कल्पातील बेंटोनाइट या मातीचा आहे. पृष्ठभागावर इतर द्रव्ये धरून ठेवणे हा बेंटोनाइटाचा गुणधर्म असून त्याने रिफाम्पिसीन जठरातच अडवून ठेवले होते. ज्या रोगात सहा-सहा महिने उपचार चालतात आणि अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, त्या रोगात एका मातीने केलेले हे काम क्षुल्लक म्हणता येत नाही. [⟶ क्षयरोग].

औरंगाबाद आणि संयुक्त गोळी : महाराष्ट्रात औषधकल्पांचे उत्पादन दीर्घकाळ मुंबई व तिच्या परिसरात एकवटलेले होते. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. मराठवाड्यात हा उद्योग नंतर आला. लुपिन या कंपनीने १९८० च्या सुमारास औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे औषधकल्पांचा कारखाना सुरू केला. पुढे चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत अनेक औषधकंपन्या आल्या. मराठवाड्याची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते. कॅप्सुलीच्या जिलेटिनात शेकडा १३ ते १६ पाणी असावे लागते. ते उडाले तर कॅप्सूल तडकते, वाढले तर मऊ होऊन चिकटते. म्हणून उन्हाळ्यातील कोरडेपणा आणि कोकणातील गोदामांची पावसाळी दमट हवा या दोन्हींत टिकेल असाच कल्प व अशीच वेष्टने निवडावी लागतात.

लुपिन कंपनी पुढे क्षयरोगावरील औषधांच्या मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. या औषधांचा कल्प करताना आलेली अडचण विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. क्षयरोगाच्या सुरुवातीच्या उपचारात रिफाम्पिसीन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड व एथांब्युटॉल ही चार औषधे एकत्र द्यावी लागतात. ती वेगवेगळी दिल्यास रुग्ण त्यांतील एखादेच घेत राहण्याचा धोका असतो व तोच जंतूंच्या प्रतिरोधाचे कारण ठरतो. चारही औषधे एका गोळीत घातली की रुग्णाला निवड राहत नाही. या युक्तीतील अडथळा मात्र रसायनशास्त्राने उभा केला. रिफाम्पिसीन जठरातील अम्लात काही प्रमाणात विघटन पावते व त्यातून ३-फॉर्मिल रिफामायसीन बनते. शेजारी आयसोनियाझिड असल्यास ते या द्रव्याशी संयोग पावते आणि विघटन अधिक वेगाने पुढे सरकते. म्हणजे एकत्र असावीत म्हणून ज्या गोळीची योजना केली तिच्यातच एक औषध दुसऱ्याला खाऊ लागते. अहमदाबाद व मोहाली येथील औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी या विक्रियेचा तपशीलवार अभ्यास केला. रिफाम्पिसिनामुळे रुग्णाची लघवी नारिंगी होते व औषध घेतल्याची ती खूण मानली जाते; पण रंग दिसला म्हणजे औषध पुरेसे शोषले गेले असे होत नाही.

यावरील उपाय सर्वस्वी कल्पाचे आहेत. दोन औषधांची कणी वेगवेगळी करावयाची, एकीवर पातळ आवरण चढवावयाचे, गोळी दोन थरांची करावयाची, रिफाम्पिसिनाच्या कणांचा आकार व स्फटिकरूप ठरावीक राखावयाचे, आणि तयार गोळी निरोगी स्वयंसेवकांना देऊन रक्तातील प्रमाण मोजावयाचे. जागतिक आरोग्य संघटना आणि क्षयरोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९९४ मध्ये संयुक्त निवेदन काढून, रिफाम्पिसिनाची जैव उपलब्धता सिद्ध झालेल्याच संयुक्त गोळ्या वापरण्याची शिफारस केली. चिकलठाण्याच्या कारखान्यातील अशा गोळ्यांना संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. चार औषधांच्या प्रचलित गोळीत रिफाम्पिसीन १५०, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० व एथांब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीन वेळा सुटी औषधे दिली जात. २०१७ पासून रोजच्या संयुक्त गोळ्यांची पद्धत देशभर स्वीकारण्यात आली.

औषधाचा वेग : याच शहराशी दुसरा एक कल्प निगडित आहे. वोखार्ट या कंपनीने २००३ मध्ये यीस्टच्या पेशींपासून मिळविलेले मानवी इन्सुलीन भारतीय बाजारात आणले. तिचे जैवतंत्रज्ञान संकुल औरंगाबादेत आहे. इन्सुलीन हे प्रथिन असल्याने पोटात घेतल्यास पचून जाते, म्हणून १९२२ पासून ते टोचूनच द्यावे लागत आहे. साध्या विद्रावाचा परिणाम काही तासांत ओसरे व रुग्णाला दिवसातून अनेक वेळा टोचून घ्यावे लागे. १९३६ मध्ये डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियन हागेडोर्न (१८८८–१९७१) यांनी माशांच्या शुक्रापासून मिळणारे प्रोटामीन इन्सुलिनात मिसळले. त्यामुळे ते त्वचेखाली न विरघळता साचून राही व सावकाश रक्तात उतरे. त्याच वर्षी टोराँटो येथे जस्ताचा तसाच उपयोग दिसून आला. १९४६ मध्ये तयार झालेला उदासीन प्रोटामीन कल्प अद्याप वापरात आहे. इन्सुलिनाच्या रेणूत यांपैकी कोणीही काही बदल केला नव्हता. दिवसातील टोचण्यांची संख्या मिसळलेल्या द्रव्याने कमी झाली. इन्सुलिनाच्या कुपीत जस्त असते, जंतू वाढू नयेत म्हणून मेटाक्रेसॉल असते आणि द्रवाचा दाब रक्ताइतका राहावा म्हणून बहुधा ग्लिसरीन असते.

मंद वा नियंत्रित मोचन करणारे इतर कल्पही याच विचारातून आले. १९५२ मध्ये अमेरिकेत निरनिराळ्या जाडीच्या आवरणांचे सूक्ष्म मणी भरलेली कॅप्सूल निघाली. १९६१ मध्ये हिगुची यांनी आधारद्रव्यातून औषध बाहेर पडण्याच्या वेगाचे गणिती सूत्र मांडले. १९७० नंतर तर्षण दाबावर चालणाऱ्या गोळ्या आल्या. स्निग्ध द्रव्यांच्या सूक्ष्म पुटिकांत, म्हणजे लायपोसोमांत, औषध कोंडण्याची पद्धत अलीकडची असून मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर यांनी बिमल कुमार बच्छावत (१९२५–९६) यांच्या सहकार्याने अँफोटेरिसीन बी या बुरशीनाशक औषधाचा असा कल्प विकसित केला. साध्या स्वरूपात हे औषध मूत्रपिंडास घातक ठरते; पुटिकेत गेल्यावर त्याची ही बाधा पुष्कळच कमी होते.

ग्लिसरीन प्रकरण : १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. मेंदूची सूज किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन पाजण्याची पद्धत होती व या रुग्णांना ते देण्यात आले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. टेनेसीतील घटनेला तेव्हा एकोणपन्नास वर्षे होत आली होती. एका कल्पात सहायक असलेले द्रव्य दुसऱ्यात औषध असू शकते व येथे ग्लिसरीन औषध म्हणून दिलेले होते; परंतु चूक सहायक द्रव्याच्या बाबतीत होते तीच होती. औद्योगिक वापराचे द्रव्य औषधी म्हणून आले आणि कोणत्याही टप्प्यावर ते ओळखले गेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, पुरवठा, तपासणी व शासकीय नियंत्रण या साऱ्या साखळीची चौकशी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात यंत्रणेवर कठोर ठपका ठेवलेला आहे. त्याच वर्षी चांगल्या उत्पादनपद्धतींची ‘एम्’ अनुसूची नियमांत समाविष्ट झाली.

हे मिश्रण ओळखू न येण्याचे कारण दोन द्रव्यांच्या साम्यात आहे. ग्लिसरीन व डायएथिलीन ग्लायकॉल ही दोन्ही दाट, रंगहीन, गोड आणि पाण्यात पूर्ण मिसळणारी द्रव्ये आहेत. डोळा, जीभ व नाक यांना भेद कळत नाही. वायु-वर्णलेखनाने तो सहज कळतो व पातळ थराच्या वर्णलेखनाने साध्या प्रयोगशाळेतही कळू शकतो. औषधिकोशांनी यासाठी ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. अडचण तंत्राची नसून पिंपाची आहे. औषधी ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा सॉर्बिटॉल यांचे पिंप उत्पादकाकडून निघाल्यावर दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातांतून कारखान्यात येते व प्रत्येक हस्तांतरात जुन्या प्रमाणपत्राची प्रत पुढे जाते. कारखान्याने प्रत्येक पिंपातून नमुना घेतला, तरच त्या कागदाची खातरजमा होते. क्रियाशील द्रव्याच्या बाबतीत हे कटाक्षाने केले जाते. सहायक द्रव्य स्वस्त असल्याने त्याची तपासणी अनेकदा त्याच्या किमतीच्या हिशेबाने होत आली आहे.

२०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गँबियात सुमारे सत्तर मुले मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावली व भारतातून गेलेल्या खोकल्याच्या पाकांकडे बोट दाखविले गेले. १ जून २०२३ पासून निर्यातीच्या अशा पाकांची सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. देशात विकल्या जाणाऱ्या पाकांना हा आदेश लागू नव्हता. सप्टेंबर–ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या पाकाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणण्यात आले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या पाकात तेथील औषध नियंत्रण खात्याला डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के आढळले. त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्व राज्यांना पत्र पाठवून सहायक द्रव्यांसह प्रत्येक कच्च्या मालाचा प्रत्येक घाणा वापरण्यापूर्वी तपासला जाईल याची खात्री करण्यास सांगितले. या पत्रात ज्या नियमांचा हवाला दिला होता ते पूर्वीपासूनच अंमलात होते.